‘पाण्याची रांग’ची नवी प्रत

रोम, ९ फेब्रुवारी २०१७

तुल्लिओ,

पार्सल मिळालं. वरचा पत्ता तुझ्या हातचा होता म्हणून ओळखलं, आत चिठ्ठी नव्हती. ‘पाण्याची रांग’ची नवी डिस्क, अजून पारदर्शक कागदात गुंडाळलेली. पाच वर्षांनी भावाकडून काही येतं आणि तेही तोंडाला कुलूप लावून येतं, हे आपल्या घराण्याला धरूनच झालं. आभारी आहे.

आम्ही बऱ्या आहोत. आईचा रक्तदाब ठीक आहे. उत्तरेचं गार वारं सुटलंय, त्यामुळे सान लोरेन्झोच्या गल्ल्या दुपारीही रिकाम्या असतात. मी शाळेच्या कचेरीतून निवृत्त झाले ते बहुधा तुला माहीत नसेल. झाले.

डिस्क लावण्याआधी दुकानाच्या संकेतस्थळावर लोकांची मतं वाचली. लहानपणी आपण ह्याला ‘आईचा सिनेमा’ म्हणायचो, जणू बाकीचे नट आईला सोबत म्हणून आले होते. बारा वर्षांची पोर, नळावरून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन येते, दारात जर्मन शिपाई उभे, आणि ती मान वर करून खोटं सांगते की घरात कोणी नाही. एवढंच तिचं काम. पण लोक अजून त्याच प्रसंगाबद्दल लिहितात.

एक जण म्हणतो, युद्धावरचा इतका खरा सिनेमा दुसरा नाही, पण खोक्याचा कोपरा चेपलेला आला म्हणून एक तारा कापला. दुसऱ्याला त्यात जर्मन शिपाई फार कमी वाटले. त्या वर्षी जे ह्या शहरात राहत होते त्यांना ते पुरेसे वाटले असावेत. एक परदेशी बाई तक्रार करते की ओठ आणि आवाज जुळत नाहीत, डिस्क सदोष आहे. खाली आपल्याच कोणीतरी उत्तर दिलंय, ‘बाई, तेव्हा आमच्याकडे सिनेमे मुकेच काढायचे आणि आवाज मागाहून खोलीत बसून भरायचे. डिस्क बरी आहे, तुमचं शिक्षण सदोष आहे.’

हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती पालक निवडत होती. म्हणाली, ‘माझा आवाज त्या वकिलाच्या पोरीने दिला. ध्वनीवाला मला म्हणाला होता, ही पोरगी बोलते का हातगाडी ढकलते?’ आणि हसली.

सगळ्यात लांब मत पादुआच्या एका दंतवैद्याचं आहे. टोपणनावाबरोबर व्यवसायही लिहितो, गिऱ्हाईक मिळेल म्हणून असेल. तो म्हणतो, आधीची डिस्क म्हणजे गढूळ पाण्यातून सिनेमा बघण्यासारखं होतं. नव्या प्रतीत एक ठिपका नाही, एक ओरखडा नाही, भिंतीची वीट न् वीट दिसते. पाच तारे.

रविवारी लावू. दुसरं विशेष काही नाही.

फिओरेन्झा


रोम, २७ फेब्रुवारी

तुल्लिओ,

मागच्या पत्रात आई हसली असं लिहिलं, ते खरं होतं. फक्त ध्वनीवाल्याचं ते वाक्य तिने त्या दुपारी पुन्हा पुन्हा सांगितलं, दर वेळी नव्याने, आणि दर वेळी मी हसले. पालकाची पानं ती केराच्या डब्यात टाकत होती आणि देठं पातेल्यात. आता लिहायला घेतलंच आहे तर सरळ लिहिते. वर्षभर झालं. मला ती कधी मावशीच्या नावाने हाक मारते, कधी ‘अहो बाई’ म्हणते. बाबा कामावरून का आले नाहीत म्हणून दाराशी जाऊन उभी राहते. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते तू ओळखशीलच. तुला कळवलं नाही, कारण मागे तू तिला नन चालवतात त्या वृद्धाश्रमात ठेवू म्हणाला होतास, मी नाही म्हटलं होतं, आणि तू म्हणाला होतास, ‘आईला सांभाळणं ही तू नोकरी करून घेतली आहेस.’ त्या वाक्यानंतर कळवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तर रविवारबद्दल. रविवारी जेवण झालं की आम्ही बाबांची जुनी कॅसेट लावतो. बाबांनी टीव्हीवरून उतरवलेली, मध्येच कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात असलेली. आई सिनेमापेक्षा त्या जाहिरातीत जास्त रमते, गाणं म्हणते. पण दारातला प्रसंग आला की ती गप्प होते. पोर मान वर करते, हनुवटीवरचा तो आडवा व्रण दिसतो, आणि आई आपलं बोट आपल्या हनुवटीवर ठेवून म्हणते, ‘ही मी.’ तिला माझं नाव आठवत नाही, तुझंही नाही. आठवड्यातून एकदा स्वतःची ओळख मात्र पटते. मी त्या एका वाक्यासाठी आठवडा काढते म्हटलं तरी चालेल.

काल तुझी डिस्क लावली. दंतवैद्य खोटं बोलत नाही. विटा दिसतात, बायकांच्या मोज्यांवरचे रफू दिसतात. खालच्या मजल्यावरच्या इओलान्दाबाई कॉफी प्यायला आल्या होत्या, म्हणाल्या, ‘अगं बाई, हा तर परवाच काढल्यासारखा वाटतोय.’ मग तो प्रसंग आला. पोरीने मान वर केली. आईचं बोट जागचं हललं नाही. तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘गोड आहे. कुणाची गं?’

मी डिस्क थांबवली. चष्मा पुसला. टीव्हीला नाक लावून पाहिलं. हनुवटी साफ आहे, तुल्लिओ. व्रण नाही. इओलान्दाबाईंनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘फिओरेन्झा, माझं डोकं ठिकाणावर आहे ना? हिला लागलेलं कुठे गेलं?’

तुला काय सांगायचं, पण सांगते. त्रेचाळीसच्या जुलैमध्ये बॉम्ब टाकणारी विमानं आली तेव्हा आई नळावर होती. मावशी सांगायची, नुन्झियाआजीने तिला पाण्याला पाठवलं होतं आणि ती तिथे मैत्रिणीशी खेळत रेंगाळली. घर पडलं, आजी आत होती. रस्त्यावर उडालेल्या दगडाने आईची हनुवटी फाडली. पुढे सिनेमावाले आले, तेव्हा दिग्दर्शकाने अंगणात सगळ्या पोरींना उभं केलं, हिची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि म्हणाला, ‘हीच.’ त्या व्रणापायी तिला घेतलं होतं. आवाज तर तेव्हाच दुसऱ्या मुलीचा घातला. व्रणही गेला तर त्यात आईचं राहिलं काय?

डिस्कच्या शेवटी नावांची यादी येते. ‘प्रतिमा-शुद्धी’ ह्या मथळ्याखाली तुझं नाव आहे. इतकी वर्षं तू बोलोन्यात जुने सिनेमे दुरुस्त करतोस, ओरखडा आणि व्रण ह्यातला फरक तुला कळत असणार. यंत्राने पुसलं का तू?

फिओरेन्झा


रोम, १४ मार्च

तुल्लिओ,

तुझं उत्तर नाही. तोवर मी एक उद्योग केला. संकेतस्थळावर स्वतःचं मत लिहिलं. एक तारा दिला आणि लिहिलं, ‘दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हनुवटीवर खरा व्रण होता. तो फिल्मवरचा ओरखडा नव्हे. तो पुसला आहे.’ नाव दिलं नाही, तिची मुलगी आहे असंही सांगितलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दंतवैद्य लगेच हजर. ‘बाई, आपला गैरसमज आहे. जुन्या प्रतीत ती रेघ काही दृश्यांत दिसते, काहींत दिसत नाही. खरा व्रण असता तर सगळीकडे दिसला असता. ती निगेटिव्हला झालेली इजा आहे.’ अनेकांना त्याचं म्हणणं उपयुक्त वाटलं. माझं कोणालाच नाही. एकाने लिहिलं, ‘काही लोकांना सिनेमा घाण असल्याशिवाय खरा वाटत नाही.’

काही दृश्यांत का दिसत नाही हे मला माहीत आहे, तुलाही आहे. आई चित्रणाच्या आधी मावशीच्या डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन हनुवटीला फासायची. पिठाच्या रेशनसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसत होते ते दिवस. मावशीने तिच्या कानाखाली वाजवली होती. ‘खायला पीठ नाही आणि ही थोबाडाला लावतेय!’ दिग्दर्शकाची बायको ओल्या रुमालाने पुसायची, पण एखाद्या वेळी तिच्याही नजरेतून सुटायचं. हे सगळं मी त्या दंतवैद्याला लिहायला बसले, आणि मग खोडून टाकलं. तो माझं ऐकून घेईलही. पण मग त्याचे पाच तारे तो चार करील, आणि त्या कापलेल्या एका ताऱ्याचं मी काय करू?

दुसरी बातमी. यंत्राने कॅसेट खाल्ली. मागच्या रविवारी, जाहिरातीच्या आधीच. आतून फीत सुतळीसारखी बाहेर आली. मी ती पेन्सिलीने गुंडाळायचा प्रयत्न केला. आई बघत होती. म्हणाली, ‘विणतेस काय?’ दुरुस्तीवाला म्हणतो, फीत चुरगळली आहे, आता देवाचं नाव घ्या.

म्हणजे आता फक्त तुझी स्वच्छ प्रत आहे. काल ती लावली. आई सभ्यपणे शेवटपर्यंत बसली, पाहुण्यांकडे बसतात तशी. शेवटी म्हणाली, ‘चांगला होता. चला, मला घरी जायला हवं.’

मला राग आला असं तुला वाटेल. आला नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटेनासा होतो, तसं माझं हल्ली सगळंच आहे. पातेलं हातातून पडलं तरी ते दुसऱ्या कुणाच्या घरात पडल्यासारखं वाटतं. तेव्हा न घाबरता उत्तर लिही.

फिओरेन्झा


रोम, २ एप्रिल

तुल्लिओ,

पत्र मिळालं. दोन वेळा वाचलं.

तर यंत्राने नाही, तू पुसलंस. यंत्राने तो व्रण जसाच्या तसा ठेवला होता, आणि तू एकेका चित्रावर बसून हाताने काढलास. साहेबांना सांगितलंस की ती निगेटिव्हची इजा आहे. आणि आईने तुला तसं करायला सांगितलं होतं म्हणतोस. तू शेवटचा ईस्टरला आला होतास तेव्हा, स्वयंपाकघरात, मी खाली इओलान्दाबाईंकडे केक घेऊन गेले असताना. तू तिला म्हणालास की हा सिनेमा कधीतरी तुमच्याकडे दुरुस्तीला येईल, आणि तिने तुझी बाही धरून सांगितलं, ‘माझी हनुवटी तेवढी नीट कर रे. जन्मभर लोकांनी माझ्याआधी तिच्याकडेच बघितलं.’

पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, थट्टेत म्हणाली असेल. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बाही धरल्याचं लक्षात आलं. आई थट्टा करताना कुणाची बाही धरत नाही. लग्नाच्या फोटोत ती मान खाली घालून उभी आहे, आणि आपण म्हणायचो लाजते. मी जन्मभर तिच्याजवळ राहिले आणि हे ती तुला सांगते. असो. नावडतीचं मीठ अळणी.

तू तिला दिलेला शब्द पाळलास. वाईट एवढंच की जिने मागितलं होतं ती आता इथे नाही. जी आहे तिला त्या व्रणाखेरीज स्वतःची दुसरी खूण उरलेली नाही.

न पुसलेलं मूळ स्कॅन तुमच्याकडे शाबूत आहे आणि व्रण परत ठेवून आमच्यापुरती एक डिस्क करून पाठवशील म्हणतोस. साहेबांना खरं काय ते सांगून पुढच्या आवृत्तीतही दुरुस्ती करायला लावीन म्हणतोस. साहेबांचं तू बघ. डिस्क लवकर पाठव. रविवार लवकर येतात.

फिओरेन्झा


रोम, १७ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

तुल्लिओ,

डिस्क अजून आली नाही. सुट्ट्या आहेत, टपाल बंद. पण काल काही झालं ते तुला सांगायला हवं.

कोकराचं मटण केलं होतं, बटाटे घालून. आईने नीट जेवण केलं. इओलान्दाबाई लेकाकडे गेल्या होत्या, आम्ही दोघीच. मी सवयीने तुझी स्वच्छ प्रत लावली, निदान दुपार जाईल म्हणून. पोर दारात आली, मान वर केली. आई खुर्चीत पुढे सरकली. मला वाटलं, ओळखलं.

‘फिओरे, हिची हनुवटी बघ.’ माझं नाव बरोबर घेतलं, कित्येक दिवसांनी.

‘काय झालं हनुवटीला?’

‘काही नाही झालं. तेच म्हणतेय ना मी. शाबूत आहे. म्हणजे अजून पडलं नाही.’

‘काय पडलं नाही?’

‘घर, वेडे.’ ती अशी बघत होती की जणू मी पहिलीतली पोर आहे. ‘हिला लागलेलं नाही, म्हणजे घर उभं आहे. म्हणजे हिची आई वर आहे. तिला म्हणावं, रेंगाळू नकोस, पाणी घे आणि सरळ घरी जा. आई वाट बघतेय.’

मग ती बोलत सुटली. तुल्लिओ, आपल्या अख्ख्या बालपणात आईने नुन्झियाआजीचं नाव काढलं नव्हतं. आपण विचारलं की ‘ती गेली’ एवढंच सांगायची आणि भांडी घासायला घ्यायची. काल ती संध्याकाळपर्यंत बोलली. आजी रेल्वेवाल्यांचे कपडे धुवायची, तिच्या हातांना सोड्याचा वास यायचा. दर गुरुवारी बटाट्याच्या गोळ्यांची नोक्की करायची आणि प्रत्येक गोळा अंगठ्याने दाबताना एकेका शेजाऱ्याला शिवी द्यायची. उंच होती, दारातून वाकून यायची. आजी उंच होती हे तुला माहीत होतं? मला साठाव्या वर्षी कळलं.

आई हसत होती. मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही. पण बोट हनुवटीवर एकदाही गेलं नाही. ‘ही मी’ म्हणाली नाही. ती पोर तिला दुसरीच कुणी वाटते, नशीबवान, जिची आई अजून घरी आहे.

आता तुझी डिस्क येईल. व्रण असलेली. लावू की नको? लावली तर तिला ती स्वतः सापडेल. नाही लावली तर तिला तिची आई आहे. मला ठरवता येत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहून विचारते आहे.

फिओरेन्झा


रोम, ८ मे

तुल्लिओ,

तुझं उत्तर आलं, ‘तू म्हणशील तसं.’ पाच वर्षांपूर्वी हे म्हणाला असतास तर किती बरं झालं असतं.

डिस्कही आली. मी काल लावली. मला ते ‘ही मी’ ऐकायचं होतं, दुसरं कारण नाही. आईसाठी लावली असं सांगणार होते, पण तसं नव्हतं.

तू काम नीट केलं आहेस. व्रण कॅसेटमध्ये दिसायचा त्याहून स्पष्ट आहे, टाके पडल्याच्या खुणाही दिसतात. पोरीने मान वर केली आणि आईचं बोट लगेच वर गेलं. हनुवटीवर ठेवलं. ‘ही मी,’ म्हणाली. मला एकदम रडू फुटलं, सुई उतरल्यासारखं झालं. मी तिचा हात धरला. म्हटलं, ‘हो आई, तूच.’

ती बोटाने व्रण चाचपत राहिली. मग दाराकडे बघितलं.

‘म्हणजे ती गेली.’

मी काही बोलायच्या आत ती उठली होती. ‘मी वेळेवर नाही गेले. मी नळावर खेळत बसले. तिने दोनदा हाक मारली होती, खिडकीतून, मी ऐकलं होतं.’ मग ती ओरडायला लागली. आईला ओरडताना तू कधी ऐकलं नाहीस, मीही नव्हतं. तो आवाज त्या वकिलाच्या पोरीचा नव्हता, म्हातारीचाही नव्हता. खालून इओलान्दाबाई हातातलं टाकून जिना चढून आल्या. आम्ही दोघींनी तिला धरून ठेवलं. ‘वेलिया, वेलिया, बाळा, तू लहान होतीस,’ असं इओलान्दाबाई म्हणत राहिल्या, आणि आई म्हणत राहिली, ‘मी ऐकलं होतं.’ इतकी वर्षं ती हे पोटात घेऊन आपल्याला जेवायला वाढत होती. तिने तुझी बाही का धरली ते मला काल कळलं. लोक बघतात म्हणून नव्हे रे. ती स्वतः बघायची म्हणून.

शेवटी मी डिस्क काढली आणि दुसरी लावली, स्वच्छ. दुसरं काही सुचलं नाही. पोर दारात आली, साफ हनुवटीची. आई हुंदके देत बघत होती. हळूहळू थांबली. रुमालाने नाक पुसलं. इओलान्दाबाईंना म्हणाली, ‘गोड आहे. कुणाची?’ 

मी स्वयंपाकघरात गेले. सिंकमध्ये भांडी होती, ती घासायला घेतली. साबणाला सोड्याचा वास होता, किंवा मलाच आला. मागे पावलं वाजली. आई दारात उभी होती, आपल्या उंचीच्या हिशेबाने नव्हे, मान वर करून, लहान मुलं मोठ्यांकडे बघतात तशी. चेहरा धुतल्यासारखा शांत. हात मागे लपवलेले.

‘मी आले,’ ती म्हणाली. ‘लगेच आले, आई. कुठे थांबले नाही.’

मी नळ बंद केला. हात पुसले. म्हटलं, ‘शहाणी माझी ती. बस, वाढते.’

ती बसली आणि जेवली. रात्री मी तिला झोपवलं, तेव्हा तिने माझा हात हुंगला.

व्रणाची डिस्क ह्या पत्रासोबत परत पाठवते आहे. साहेबांना खरं सांगायचं की नाही ते तू ठरव, मला आता त्यात पडायचं नाही. पण एक कर. ये. उशीर झालाय हे मला माहीत आहे, तिला मी तुझ्याबद्दल काही सांगणार नाही, ती तुला ओळखणारही नाही. तिला तिची आई मिळाली, तुल्लिओ. कालपासून आपल्याला आई नाही, आणि हे मला ह्या जगात फक्त तुला सांगता येतं.

फिओरेन्झा